एसआय5351 क्लॉक मॉड्यूल: नुसतं लावून काही होत नाही

आमच्याकडे देवगडात जून लागला की नेटचा भरवसा नाही, गेल्या पावसात सलग चार दिवस नव्हतं, आणि नेट नाही म्हणजे पीसीला बाहेरून टाइम मिळत नाही, मग तो आपल्या मनाने चालतो. माझा जुना कोअर टू ड्युओ दिवसाला दोनेक सेकंद मागे पडतो. दोन सेकंदांनी काय बिघडतं म्हणाल, पण मी हॅम रेडिओवर (हौशी बिनतारी) एफटी8 करतो, म्हणजे पीसीने छोटे डिजिटल संदेश पाठवायचे-वाचायचे, त्यात 15-15 सेकंदांचे स्लॉट, घड्याळ दोन-तीन सेकंद सरकलं की सिग्नल कानाला ऐकू येतोय पण स्क्रीन कोरी. आईचं म्हणणं, "भितीवरचा घड्याळ दोन म्हयने बंद आसा, ता आधी बघ."

तर चारशेच्या आसपास देऊन हे मॉड्यूल, म्हणजे हव्या त्या फ्रिक्वेन्सीचे ठोके (क्लॉक) देणारा छोटा बोर्ड, मागवलं. मदरबोर्डवरचं 14.31818 मेगाहर्ट्झचं क्रिस्टल (ठोके देणारा क्वार्ट्झचा तुकडा) काढायचं आणि तिथे याचा आउटपुट द्यायचा, कारण जुन्या बोर्डात प्रोसेसरचा क्लॉकसुद्धा तिथूनच निघतो. मॉड्यूलवर 25 मेगाचं क्रिस्टल असतं, आतलं पीएलएल नावाचं सर्किट गुणाकार-भागाकार करून हवी ती फ्रिक्वेन्सी देतो. 14.31818 हा विचित्र आकडा म्हणजे अमेरिकन कलर टीव्हीच्या 3.579545 मेगाहर्ट्झची चौपट, आणि 25 चे बरोब्बर 63/110, बाकी शून्य. मला तर हे बघूनच पैसे वसूल वाटले.

पण एक गोची आहे जी विकणारा सांगत नाही. पॉवर गेली की चिप सगळं विसरते, दर वेळी आय2सी (चिपशी बोलायच्या दोन वायरी) वरून परत शिकवावं लागतं. ते पीसी करू शकत नाही, कारण तो स्वतःच क्लॉकची वाट बघत बसलाय! मग त्या कामाला एक आर्डुइनो नॅनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) जोडला आणि दोघांना एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) जांभळ्या वायरवरून पाच व्होल्ट दिले, ती वायर पीसी बंद असतानाही चालू असते, म्हणजे बटण दाबायच्या आधी क्लॉक तयार. पहिल्यांदा वीतभर साधी वायर टाकली तर बूट होईना, जुन्या वायफाय अँटेनाची बारीक कोअॅक्स (बाहेरून जाळी असलेली केबल) कापून लावली तेव्हा झाला.

आणि एवढं करून फरक? काही नाही. दिवसाला दोन सेकंद होते ते दीड झाले. लिस्टिंगमध्ये टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फारसा न सरकणारा ऑसिलेटर) लिहिलेलं, आलं साधं क्रिस्टल, सोल्डरिंग आयर्न नुसता जवळ नेला तरी फ्रिक्वेन्सी सरकत होती. मॉड्यूल अचूकता बनवत नाही हो, जे आत येतं तेच गुणून बाहेर काढतं. शेवटी वेगळा 25 मेगाचा टीसीएक्सओ घेऊन क्रिस्टलच्या जागी कपॅसिटरमधून जोडला, मग नेट काढून पाच दिवस ठेवला तर सगळा मिळून पाव सेकंद फरक. 1 पीपीएम (दहा लाखात एक) म्हणजे दिवसाला 0.0864 सेकंद, म्हणजे माझा फरक अर्ध्या पीपीएमच्या जरा वर, मी खूश.

कोणी म्हणेल लिनक्सवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) टाक, तो चूक ओळखून वजा करतो. करून बघितलंय. कायमची चूक जाते, पण माझा पीसी माळ्यावर, मे मध्ये दुपारी कौलं तापतात, आणि तेव्हा शिकलेली दुरुस्ती पावसात चुकीची ठरते. टीसीएक्सओचा खरा उपयोग तिथे आहे. आणि पीसी बंद असतानाचं घड्याळ वेगळ्या 32.768 किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतं, त्याला याचा काही फायदा नाही, सकाळी चालू केल्यावर एकदा वेळ लावावीच लागते. नुसतं एफटी8 करायचं असेल तर खरं सांगतो, जीपीएस मॉड्यूल घ्या, उपग्रहावरून थेट वेळ मिळते, कमी डोकेदुखी.

5 पैकी साडेतीन. अर्धा कापला तो पिनांसाठी, खाऱ्या हवेत दोन महिन्यांत हिरव्या पडल्या, आता वहिनीचं नेलपॉलिश लावलंय वरून.