टेली मानस १४४१६ : लहान भावासाठी फोन लावला, त्याचा अनुभव

भाऊ २० वर्षांचा. लातूरला रूम करून नीटचे दोन अटेम्प्ट दिले, दुसऱ्यांदा पण नंबर लागला नाही अन् त्याच वर्षी आमचं सोयाबीन पाण्यात गेलं, पप्पांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, तेव्हापासून ह्यानं बोलणंच सोडलं, रात्रभर जागा, जेवण निम्मं. आधी एका खाजगी दवाखान्यात दाखवलं, पाच मिनिटात "पोरगं मनाचं कच्चंय" म्हणून वाटेला लावलं. आईला ते लई लागलं.

मग १४४१६ लावला, ही टेली मानस म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. पैसे लागत नाहीत, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं. फोनवरच्या ताईंनी आत्ताचं तर विचारलंच पण दहावीच्या आधी कसा होता ते पण विचारलं, अन् मला एकदम आठवलं, आठवीत गणितात चार मार्क गेले तर हा दोन दिवस जेवला नव्हता. कुणी रागावलं की आठवडाभर मनात धरायचा. त्या म्हणल्या काही लेकरांचा स्वभावच लवकर काळजी करणारा असतो, त्याला न्यूरोटिसिझम म्हणतात, तो आजार नाही, पण अशा लेकरावर एकामागून एक ताण आले की पुढं डिप्रेशनचा धोका इतरांपेक्षा जास्त. वर असं माणूस एकटं पडतं, मित्र तुटतात, म्हणजे नवा ताण तयारच. पण स्वभाव असा हे म्हणून डिप्रेशन येणारच असं काही नसतं हे त्यांनी दोनदा सांगितलं.

जीव द्यायचे विचार येतात का हे त्याला सरळ विचारा म्हणल्या. मी घाबरले. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळं होतं, हे त्यांनी समजावलं म्हणून विचारलं, अन् तो रडला, कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बोलला.

फोनवर गोळ्या सुरू होतील असं समजू नका, आम्हाला सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं. गोळ्यांचा फरक दिसायला तीनेक आठवडे लागले, मधीच बंद करू नका. समुपदेशन अजून चालूय. आता रात्री झोपायलाय, परवा पप्पांसोबत शेतात पण गेला.

काकाची पोरगी नववीत हे, डिट्टो ह्याच स्वभावाची, तिला पण लातूरला टाकायचं चालूय. काकूच्या मोबाईलमधी नंबर सेव्ह करून दिला अन् सांगितलं, रोज फोन करून टेस्टचे मार्क नंतर विचार, आधी जेवली का, झोपली का ते विचार.