लेगसी की यूईएफआय? एकाच डिस्कवर दोन सिस्टिम ठेवणाऱ्यांसाठी

घरच्या पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचं ठरलं की बूट मोड, म्हणजे पीसी चालू झाल्यावर सिस्टिम सुरू करून देण्याची पद्धत, कुठला ठेवायचा हा प्रश्न येतोच. लेगसी म्हणजे मदरबोर्डवरच्या जुन्या फर्मवेअरची, बायोसची पद्धत; यूईएफआय म्हणजे त्याच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरची. कोथरूडच्या घरी माझ्याकडे सहा वर्षं लेगसी होतं, आता चार वर्षं यूईएफआय आहे. लेगसीत डिस्कला सहसा दोन टीबीची मर्यादा, चारच प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) वगैरे तुम्हाला माहीत असेलच. ५०० जीबीच्या एसएसडीवर त्यातलं फारसं काही आडवं येत नाही. वेगाचं म्हणाल, तर चहाचं आधण ठेवून येईपर्यंत दोन्हीकडे लॉगिन आलेलं असतं.

लेगसीचा साधेपणा मला आवडायचा, खोटं कशाला बोलू. बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत घेतं, शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का बघतं आणि तिथल्या कोडच्या हाती कारभार देऊन मोकळं होतं. फाइल म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नसतं.

घोडं अडतं तेही तिथेच. त्या सेक्टरमध्ये कोडला जागा ४४६ बाइट, आणि तीही एकच. लिनक्स सुरू करून देणारं ग्रब तिथे बसलेलं असतं. विंडोज पुन्हा टाकलं की तिथे त्याचा कोड येतो, ग्रब गेलं. दोष कुणाचाच नाही म्हणा, वाड्यात नळ एक असला की भांडण ठरलेलं. माझ्याकडे हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा रविवारी रात्री, आणि सोमवारी सकाळी हिंजवडीत लागणारी फाइल लिनक्सच्या बाजूला. ग्रब परत आणायचं तर थेट लिनक्स चालवणारा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावा, पार्टिशन माउंट करा, सीएचरूट करून डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरा, ग्रब नव्याने बसवा. तो पेन ड्राइव्ह भाच्याने सिनेमे भरायला नेलेला! झोपायला अडीच वाजले.

यूईएफआयला फाइल वाचता येते. एका छोट्या फॅट३२ पार्टिशनवर विंडोजचं फोल्डर वेगळं, उबुंटूचं (माझं लिनक्स) वेगळं. आधी कोण उठणार याची यादी मदरबोर्डवरच्या मेमरीत. विंडोज पुन्हा टाकताना ते छोटं पार्टिशन फॉरमॅट केलं नाही, तर फक्त यादीतला क्रम बदलतो. गेल्या दिवाळीत मी बूट मेनूतून उबुंटू निवडलं, ईएफआयबूटएमजीआर या लिनक्सच्या कमांडने क्रम पूर्ववत केला आणि फराळाला बसलो.

यूईएफआय अगदी गुणी आहे असंही नाही. काही बोर्ड डिस्कची वायर काढली की यादीतली नोंद विसरतात. त्यावर तोडगा म्हणजे बूटएक्स६४ या ठरावीक नावाची फाइल ठेवायची. नोंद नसली की फर्मवेअर तीच शोधतं. सिक्युअर बूट (डिजिटल सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर काही ड्रायव्हर सहीसाठी अडून बसतात.

मशीन २०१० च्या आसपासचं आणि सिस्टिम एकच असेल, तर लेगसी राहू द्या. वडिलांच्या पीसीवर मीही तेच ठेवलंय. विंडोज ११ हवं असेल तर अधिकृतपणे यूईएफआयच लागतं. दोन सिस्टिम असतील तर मी तरी यूईएफआयकडेच झुकेन. इन्स्टॉल करताना बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह बहुधा दोनदा दिसेल. ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तोच निवडा, दोन्ही सिस्टिमसाठी. माझा दुसरा पेन ड्राइव्ह तपकीर गल्लीतून आणून कपाटात ठेवलाय. भाच्याला सांगितलेलं नाही.