यू-बूटचं नेटवर्क: जुना स्टॅक दुरुस्त करायचा की एलडब्ल्यूआयपीवर जायचं?

यू-बूट (लिनक्सच्या आधी चालू होऊन ते सुरू करून देणारा बूटलोडर) वापरणाऱ्या सर्किट बोर्डाची पुढची आवृत्ती ठरवायला बसलं की एक वाद हमखास निघतो. आधी नेटवर्क कोडमधले दोष काढायचे, की एचटीटीपीएससारखी नवी सोय आणायची? २०२५.०१ या आवृत्तीपासून हा वाद अगदी ठोस झाला आहे, कारण आता यू-बूटमध्ये दोन स्टॅक (नेटवर्कवर बोलणारा कोड) आहेत: स्वतःचा जुना आणि बाहेरून घेतलेला एलडब्ल्यूआयपी. बिल्ड करताना दोहोंपैकी एकच निवडता येतो.

माझं मत आधीच सांगते. सोयींची यादी बाजूला ठेवा आणि बोर्डाची केबल कुणाच्या नेटवर्कला लागते ते पाहा.

जुना स्टॅक मुळात यूडीपीपुरता (पोचल्याची खात्री न घेता पॅकेट पाठवायची साधी पद्धत) लिहिलेला. एका वेळी एक पॅकेट घ्यायचं, ते निपटवायचं, मग पुढचं. डीएचसीपी (नेटवर्कवरचा पत्ता मिळवणं), टीएफटीपी आणि एनएफएस (फाइल आणणं), पिंग एवढ्यासाठी तो पुरतो, आणि वाचायला सोपा आहे. टीसीपी (पोचल्याची खात्री घेत क्रमाने पाठवायची पद्धत) त्यात २०२२च्या अखेरीस आला. पण या स्टॅकचा इतिहास बोलका आहे. २०१९ मध्ये सीव्हीई (सुरक्षा-दोषांची जागतिक नोंद) क्रमांक सीव्हीई-२०१९-१४१९२ पासून १४२०४ पर्यंत १३ दोष नोंदले गेले. त्यांतले बरेचसे एनएफएसच्या उत्तरात आलेली लांबी न तपासता मेमरीत कॉपी करण्याचे होते. २०२२ मध्ये कळलं की त्यातली एक दुरुस्ती अपुरीच होती, म्हणून सीव्हीई-२०२२-३०७६७ निघाला. त्याच वर्षी पॅकेटचे तुकडे जोडणाऱ्या कोडमध्येही गंभीर दोष सापडले.

इथे अनेक जण म्हणतात, ‘आमची इमेज (बोर्डावर चढवायची सॉफ्टवेअरची फाइल) साइन केलेली आहे, मग काळजी कसली?’ काळजी आहे. डिजिटल सही तपासली जाते ती इमेज पूर्ण उतरल्यावर. पॅकेट वाचणारा कोड त्याच्या आधी, पूर्ण अधिकारांनिशी चालतो, आणि लिनक्समध्ये असतात तसे मेमरीचे बचाव तिथे सहसा नसतात. त्या टप्प्यावर कुणी मेमरी बिघडवली तर सही तपासणारा कोडच त्याच्या हातात जातो. म्हणून माझ्या लेखी दुरुस्तीला नव्या सोयीपेक्षा नेहमीच वरचा क्रम आहे.

एलडब्ल्यूआयपी मूळचा ॲडम डंकल्स यांचा, स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर सायन्समधला. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर तो वर्षानुवर्षं चालत आला आहे, त्यामुळे त्याचा टीसीपी कितीतरी जास्त ठिकाणी कसाला लागलेला आहे. एम्बेडटीएलएस (एनक्रिप्शनची लायब्ररी) जोडलं की एचटीटीपीएसही मिळतं. मात्र यू-बूटशी त्याला जोडणारा कोड नवा आहे. शिवाय तो आला तेव्हा एनएफएस, आयपीव्ही६ आणि नेटकन्सोल (नेटवर्कवरून बूटलोडरला कमांड देण्याची सोय) फक्त जुन्या स्टॅकमध्येच होते, तेव्हा तुमच्या आवृत्तीत काय आहे ते पाहूनच ठरवा.

एचटीटीपीएसबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. सुरुवातीच्या रूपात सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलंच जात नव्हतं. ती सोय नंतर आली. ती वापरायची तर मूळ प्रमाणपत्र बोर्डात ठेवावं लागतं आणि ते बदलायची वेळ आली तर काय, हेही आधी ठरवावं लागतं. बॅटरीवर चालणारं घड्याळ नसेल तर बोर्ड १९७० सालात जागा होतो, मग मुदत कशाशी ताडून पाहणार? भरवशाचे यादृच्छिक आकडे देणारं हार्डवेअरही लागतं. सही केलेली इमेज साध्या एचटीटीपीवरून उतरवणं अनेकांना पुरेसं असतं, गोपनीयता हवी असेल तर गोष्ट वेगळी.

आणि नवं, मोठं म्हणजे सुरक्षित असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये ईडीके-२ या यूईएफआय फर्मवेअरच्या (पीसी आणि सर्व्हर सुरू करणाऱ्या कोडच्या) नेटवर्क स्टॅकमधले ९ दोष ‘पिक्सीफेल’ नावाने जाहीर झाले.

वेगाचा मुद्दा मात्र खरा आहे. टीएफटीपी एक तुकडा पाठवतं आणि पोचपावतीची वाट पाहतं. १४६८ बाइटच्या तुकड्यांनी ५० एमबीची इमेज म्हणजे सुमारे ३४,००० फेऱ्या. एका फेरीला १ मिलिसेकंद लागला तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास काम होतं. २० मिलिसेकंद लागले तर ११ मिनिटं! पण त्यासाठी लगेच स्टॅक बदलायची गरज नाही. सर्व्हरला आरएफसी ७४४० या मानकातली विंडो (एका पोचपावतीमागे अनेक तुकडे पाठवायची सोय) येत असेल तर जुन्या स्टॅकमध्ये ती ८ करा, तीच ११ मिनिटं दीडवर येतात. हे एका सेटिंगचं काम आहे.

तेव्हा बोर्ड फक्त प्रयोगशाळेत किंवा बंदिस्त उत्पादन-लाइनवर नेटवर्कवरून बूट होत असेल, तर जुनाच स्टॅक ठेवा. गरज नसेल तर एनएफएस आणि तुकडेजोडणी बंद करा. एनएफएस बराच काळ मूळ सेटिंगमध्येच चालू असायचं. बोर्ड राउटरपलीकडच्या सर्व्हरवरून इमेज घेणार असेल, तर एलडब्ल्यूआयपी घ्या आणि चाचणीला एका पूर्ण आवृत्तीचा वेळ द्या. आणि डाउनलोड लिनक्स सुरू झाल्यावर करता येत असेल, तर विकायच्या बिल्डमधून बूटलोडरचं नेटवर्क सरळ काढून टाका. तिन्हींत मला हाच पर्याय सर्वांत आवडतो आणि बैठकीत तोच सर्वांत कमी वेळा निघतो.

कुठलाही मार्ग घेतलात तरी दुरुस्तीचे पॅच वेगळे आणि छोटे ठेवा. चिप कंपनीने दिलेली यू-बूटची शाखा बहुधा जुनी असते. नव्या सोयीत गुंडाळलेली दुरुस्ती तिच्यावर उतरवता येत नाही. आज सुरुवात करायची असेल तर त्या शाखेत २०१९ आणि २०२२ च्या दुरुस्त्या आहेत का, ते गिट लॉगमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदीत) शोधा.