ट्यूबलेस टायर, गावाकडचे रस्ते आणि एक हट्टी व्हॉल्व: सगळ्या ऋतूंनंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. सायकलचे ट्यूबलेस टायर (आत ट्यूब नाही, तिच्या जागी भोकं बुजवणारं पातळ सीलंट) ठेवले आहेत, ट्यूबवर परत जायचा विचार नाही. तरी एवढं लांबलचक लिहायला बसलोय ते टायरमुळे नाही, व्हॉल्वमुळे. टायरला प्लगने (भोकात कोंबायच्या चिकट रबरी वातीने) न भागणारी चीर गेली, आत ट्यूब घालायची तर आधी ट्यूबलेस व्हॉल्व काढायला हवा, आणि व्हॉल्वचा नट हलेना. चाकं बसवून देणाऱ्या दुकानाने तो पकडीने आवळला होता. आमचा सायकलवाल्यांचा अख्खा ग्रुप रस्त्याकडेला खोळंबला, तो नखाएवढ्या ॲल्युमिनियमच्या नटापायी. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "ट्यूबलेसमध्ये असं होतंच." होत नाही. हा नट बोटांनीच आवळायचा असतो. पकडीने आवळला की व्हॉल्वचं रबरी बूड चेपून रिमच्या आत लावलेल्या हवाबंद टेपमध्ये रुततं, टेप फाटते, हवा टेपखालून रिमच्या पोकळीत शिरते आणि स्पोकच्या भोकांतून बाहेर पडते. मग तुम्ही व्हॉल्वपाशी साबणाचं पाणी लावून गळती शोधत बसता आणि बुडबुडे येतात पार समोरच्या बाजूच्या निपलमधून (स्पोक रिमला धरणाऱ्या बारक्या नटातून).

ही जोडी कशी आहे ते एकदा सांगतो, बाकी तपशील सगळ्यांना माहीत असतात. ७०० बाय ३२ (म्हणजे टायर ३२ मिमी रुंद), हुक असलेली (कड आत वळलेली) रिम, आतली रुंदी २१ मिमी, डिस्क ब्रेक. सीलंट लेटेक्सचं, पहिल्यांदा भरताना चाकामागे ४५ मिली. टेप २५ मिमीची, दोन वेढे. टेपची सुरुवात व्हॉल्वच्या बरोबर समोरून करायची, शेवटी दहा सेंटीमीटर एकावर एक येऊ द्यायचं, आणि रिम आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करायची. तेलकट रिमवर टेप पहिल्या उन्हातच सरकते. व्हॉल्वसाठी भोक चाकूने कापू नका, कापलेली कड पुढे फाटत जाते. तापवलेल्या सुईने टोचा, कड वितळून घट्ट बसते.

एकट्याने चालवताना ट्यूबलेस घ्यावं की नाही, यावर वाद होऊ शकतो. ग्रुपसाठी मला तो वाद उरलेला वाटत नाही. ताशी २८ किमी म्हणजे सेकंदाला पावणेआठ मीटर. पुढून "खड्डा!" अशी हाक आली आणि हात हलायला अर्धा सेकंद लागला, तर सायकल तोवर चार मीटर पुढे गेलेली असते, आणि तुम्ही पुढच्या चाकामागे जेमतेम एक मीटरवर असता. म्हणजे हाक कितीही खणखणीत असली तरी ओळीतला तिसरा-चौथा गडी त्या खड्ड्यात जाणारच. ट्यूब असली की ती खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये चिमटायला आत काही नाहीच, म्हणून दाबही कमी ठेवता येतो. ७५ किलोच्या स्वाराने पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआयपासून सुरुवात करावी. उखडलेल्या डांबरावर रिमचा 'ठक' असा आवाज आला तर दोन-दोनने वाढवावं. ट्यूबच्या काळातल्या सवयीने ८० भरणाऱ्यांनी ट्यूबलेस घेऊच नये, कारण तेवढ्या दाबाला सीलंट भोकात टिकत नाही, फवारा होऊन उडून जातं.

आता व्हॉल्व. प्रेस्टा व्हॉल्वची (या सायकलच्या बारीक व्हॉल्वची) रचना १८९० च्या दशकातली आहे, बारीक रिमवरच्या ट्यूबसाठी केलेली. त्यातून कोरडी, स्वच्छ हवा जाणार हे तिथे गृहीत आहे. आपण मात्र तिच्या बुडाशी, हवा लागली की गोठणारं द्रव्य ठेवतो आणि ते तिथे गोठू नये अशी अपेक्षा धरतो. चांगली रिम, चांगला टायर, महिनोन्‌महिने संशोधन करून बनवलेलं रबर, आणि या सगळ्याची चावी त्या मिलिमीटरभर फटीच्या हातात! याची चीड मला टायरच्या किमतीपेक्षा जास्त येते.

कोर (व्हॉल्वच्या नळीतला, चावीने काढता येणारा भाग) तुंबल्याची खूण अशी की पंपाचा दट्ट्या खाली दाबला की काटा थेट शंभरावर उडी मारतो, वर घेतला की परत पडतो, आणि टायर मात्र अंगठ्याने दाबला तर मऊच. काटा टायरचा दाब दाखवत नसतो, पंपाच्या नळीत कोंडलेल्या हवेचा दाखवत असतो. पुष्कळ जण इथेच फसतात, काटा पाहून "भरलं" म्हणतात आणि मऊ टायरवर निघतात. अशा वेळी व्हॉल्व वर आणून उरलेली हवा सोडा आणि चावीने कोर काढा. काढलेला कोर गरम पाण्यात घालून ठेवा. मग लेटेक्स नखाने सोलून निघतं, उरलेलं आयसोप्रोपिल लावलेल्या कापडाने पुसायचं. व्हॉल्वच्या नळीत २ मिमीची ॲलन की किंवा स्पोकचा तुकडा फिरवा. आतला गोळा टायरमध्ये पडला तर पडू द्या, तो तिथे काही बिघडवत नाही. कोरच्या टोकाचं रबर झिजलेलं दिसलं तर मात्र सोलत बसू नका, नवा लावा. टाकून देणं जिवावर येणाऱ्यांना (मलाही येतं) हे पटायला वेळ लागतो, पण झिजलेला कोर रात्रभरात दहा-पंधरा पीएसआय सहज सोडतो आणि दोष उगाच टेपला जातो.

कोर परत बसवताना चावीने नीट घट्ट करा. छोट्या पंपाची आट्यांची नळी कोरवर फिरवून बसते. कोर सैल असेल तर नळी काढताना नळीबरोबर तोही बाहेर येतो आणि भरलेली सगळी हवा फुस्स.

अपडेट: वरचा भाग लिहून ठेवल्यानंतर व्हॉल्वबद्दलचं माझं मत निम्मं बदललं आहे. दोन सवयी लावल्यापासून तुंबणं बरंच कमी झालं. एक, सायकल उभी करताना व्हॉल्व कधीही तळाशी ठेवायचा नाही. तळाशी सीलंटचं डबकं असतं. घड्याळातल्या तीन किंवा नऊच्या जागी ठेवला की सीलंट निथळून जातं. दोन, हवा भरताना किंवा दाब तपासताना चाक फिरवून व्हॉल्व त्याच जागी आणायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. सायकल ओढत आणली आणि लगेच हवा सोडली तर निसटत्या हवेबरोबर आतले थेंब कोरमध्ये येऊन बसतात. दाब बघायला म्हणून पिन उगाच 'टिस्‌ टिस्‌' दाबत राहायची सवय तर पहिली सोडा. आता राग आहे तो सीलंटच्या बाटलीवर एवढ्या दोन ओळी छापायला काय होतं, यावर. कोर नसलेले, मोठ्या भोकाचे व्हॉल्वही मिळतात. ते बघितले आणि सोडून दिले, कारण त्यातल्या काहींना श्रेडरचं (मोटारसायकलच्या जाड व्हॉल्वचं) हेड लागतं. ग्रुपमध्ये रस्त्यावर ज्याचा पंप हाताला येईल त्याने भरावं लागतं, आणि सगळ्यांच्या खिशात प्रेस्टाचा पंप असतो.

ऋतूंप्रमाणे फरक पडतो, पण माहितीपत्रकात असतो तसा नाही. पावसात ओलं रबर सहज कापलं जातं, पाणी वंगणाचं काम करतं. त्यात काचेचे आणि गारगोटीचे कण ओल्या टायरला चिकटून दर फेऱ्याला थोडे थोडे आत शिरतात. पाण्याबरोबर वाहून आलेली सगळी घाण रस्त्याच्या कडेला साठते, म्हणून पावसात ओळ कडेपासून हातभर आत ठेवावी आणि दोन चाकांतलं अंतर दुप्पट करावं. पावसात भोक पडलं तर पांढरा फवारा स्वाराला दिसत नाही, तो मागच्याच्या चष्म्यावर येतो. आमच्याकडे आता पाण्याच्या शिंतोड्यात दुधाळपणा दिसला की मागच्याने ओरडायचं, असं ठरलेलं आहे. सीलंट डिस्कवर उडालं तर ब्रेक किंचाळतात, घरी आल्यावर रोटर आयसोप्रोपिलने पुसून काढा. दाब पावसात चार पीएसआय कमी. मडगार्ड लावलं तर मागचं फडकं जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत खाली यायला हवं. त्याहून आखूड मडगार्ड तुम्हाला कोरडं ठेवतं आणि मागच्याला आंघोळ घालतं.

पाऊस सरला, गवत वाळलं की काट्यांचे दिवस. खरी कसोटी इथे लागते आणि इथेच या टायरांनी मन जिंकलं. सराटे टायरला लागतात, चाकाबरोबर फिरतात, मोडतात आणि कळतही नाही. काटा दिसला तर भर रस्त्यात उपटू नका. जोवर हवा धरून आहे तोवर तोच बूच आहे. काढायचाच असेल तर भोक तळाशी आणा, काटा काढा, चाक तसंच अर्धा मिनिट ठेवा, मग दोन-चार फेरे फिरवा. दोन-तीन मिमीचं भोक असं बुजतं. बुजत नसेल तर दाब तीसपर्यंत उतरवून सीलंटला संधी द्या, मग वाढवा. त्यानंतर प्लग. प्लग सुईसकट पूर्ण आत ढकलू नका, दोन्ही टोकं बाहेर अर्धा-एक सेंटीमीटर राहिली पाहिजेत. सुई झटक्याने बाहेर ओढायची, वाढलेली टोकं कापायची घाई नको, चालवून झिजतात.

या गुणाचीच एक वाईट बाजू आहे. वर म्हटलं तशी मोठी चीर गेली आणि ट्यूब घालायची वेळ आली, तर टायरच्या आतून मोडक्या काट्यांची टोकं बाहेर आलेली असतात. सीलंट त्यांना सांभाळत होतं, ट्यूब सांभाळणार नाही. आतून बोट सावकाश फिरवून, किंवा कापड फिरवून ते अडकेल तिथून, एकेक टोक चिमट्याने काढावं लागतं. घाईत हे टाळलेली ट्यूब पुढच्या गावापर्यंतही जात नाही. म्हणून किटमध्ये छोटा चिमटा हवाच. चीर मोठी असेल तर ट्यूब बाहेर फुगू नये म्हणून आतून जुन्या टायरच्या बाजूच्या कापडाचा तुकडा लावा.

थंडीत तक्रार एकच, तीही भौतिकशास्त्राची. २८ अंशांच्या खोलीत ६० पीएसआय भरून ८ अंशांच्या पहाटेत सायकल काढली तर पाचेक पीएसआय आपोआप गेलेले असतात. गळती शोधत बसू नका, निघायच्या ठिकाणी पुन्हा मोजा. गारठलेल्या रबराचं बीड (टायरची रिममध्ये बसणारी जाड कड) बसतानाही हट्ट करतं. बीडला साबणाचं पाणी लावून, कोर काढून एका दमात हवा भरली की दोन्ही बाजूंनी 'टक-टक' आवाज येतो. रिमच्या कडेलगतची टायरवरची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का ते पाहा, नाहीतर चाक उड्या मारतं.

उन्हाळ्यात सीलंट सुकतं. बाटलीवर दोन ते सहा महिने लिहिलेलं असतं, कडक उन्हात दोनच धरा. चाक हलवून खळखळ ऐकायची पद्धत ३२ मिमीत भरवशाची नाही. कोर काढून बारीक केबल टाय आत घाला, व्हॉल्व तळाशी आणा, टाय बाहेर काढून किती भिजली ते पाहा. टोकही ओलं नसेल तर ३० मिली घाला, सिरिंजने, व्हॉल्वमधूनच. बाटली आधी जोरात हलवा, बुजवणारे कण तळाशी बसलेले असतात.

सीओटू काडतुसाबद्दल (पंपाऐवजी टायर भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्याबद्दल) थोडंच. ग्रुप थांबलेला असताना मोह होतो, पण बहुतेक लेटेक्स सीलंट त्याने गोठून त्याच्या गुठळ्या होतात. वापरायचंच तर व्हॉल्व वरच्या बाजूला आणून भरा आणि घरी गेल्यावर तो वायू सोडून साधी हवा भरा, एरवीही तो रबरातून लवकर निसटतो. त्यापेक्षा दोघांनी आळीपाळीने मारलेला हातपंप बरा.

टायर झिजण्याबाबत: मागचा मधोमध चपटा झाला आहे, पुढचा अजून गोल आहे. नवा टायर एकच घ्यायचा, तो पुढे लावायचा आणि पुढचा मागे टाकायचा, कारण पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही आणि ओळीत मागचे सगळे अंगावर येतात. बदलताना बीडवर जमलेला लेटेक्सचा थर बोटांनी चोळून काढा, तो राहिला तर बीड रिमला नीट चिकटून बसत नाही. पातळ उरलेलं सीलंट गाळणीतून गाळून मी परत त्याच चाकात घालतो, त्यावर १५ मिली ताजं. गुठळ्या मात्र फेकायच्या.