शटरचा इसार, कस्टमची पावती आणि बेट सोडून गेलेला कंत्राटदार

कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन बेटावर नोकरीनिमित्त आलेल्या आणि येथे स्वतःचे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांसाठी हा अनुभव लिहीत आहे. चक्रीवादळापासून घराच्या खिडक्या-दारांचे रक्षण करणारी ॲल्युमिनियमची शटर बसवून देण्याच्या नावाखाली २०२४ साली आमच्याकडून आणि आमच्याच भागातील आणखी काही कुटुंबांकडून पैसे उकळण्यात आले. फसवणुकीची पद्धत अशी होती की येथील हवामानाचे वेळापत्रक आणि परदेशी नोकरदारांच्या करारांची मुदत या दोन गोष्टी ठाऊक असलेल्या कोणालाही ती पुन्हा वापरता येईल, म्हणून तपशील सविस्तर देत आहे.

अटलांटिकमधील वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो ऐन भरात असतो. या बेटावर बाहेरून आलेल्या माणसाला हंगामाचे पहिले शिक्षण मिळते ते २००४ सालच्या ‘आयव्हन’ चक्रीवादळाच्या आठवणींतून. त्या वर्षीच्या सप्टेंबरात समुद्राचे पाणी बेटाच्या बहुतांश भागावरून वाहून गेले होते आणि जुने रहिवासी आजही पाणी कुठवर चढले होते ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. ‘मी आयव्हनमध्ये येथेच होतो’ असे कोणी म्हटले की नवखा माणूस आपोआप ऐकून घेण्याच्या भूमिकेत जातो. आमच्याकडे आलेल्या कंत्राटदाराचे पहिलेच वाक्य हे होते. ते खरे होते की नाही, हे पडताळण्याचे कोणतेही साधन नवख्याकडे नसते आणि फसवणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

त्याचे नाव एका परिचिताने सुचवले होते. मार्च महिन्यात तो आला, लेझरने प्रत्येक खिडकीचे माप घेतले, घडीच्या शटरचा एक तुकडा हातात देऊन त्याची जाडी दाखवली आणि दोनच दिवसांत ९,६०० केमन डॉलरचे छापील कोटेशन पाठवले. (एक केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकी डॉलर, हा दर कायमचा बांधलेला आहे.) सोबत मायामी-डेड काउंटीच्या मान्यतापत्राची प्रत होती. १९९२ च्या ‘अँड्र्यू’ वादळानंतर फ्लोरिडातील या काउंटीने बांधकामाचे नियम फार कडक केले. तेथील चाचणीत सुमारे चार किलो वजनाचा लाकडी वासा ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने शटरवर आदळवला जातो, त्यामुळे ती मान्यता मिळालेल्या मालाला कॅरिबियन बेटांवरही मान असतो. प्रत खरी होती, परंतु ती दुसऱ्याच कारखान्याच्या मालाची होती. मान्यतापत्रावर उत्पादकाचे नाव, क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख असते आणि तो क्रमांक काउंटीच्या सार्वजनिक नोंदींत कोणालाही शोधता येतो. आम्हाला मिळालेल्या प्रतीवर उत्पादकाच्या नावाचे पान गाळलेले होते.

साठ टक्के रक्कम, म्हणजे ५,७६० डॉलर, आगाऊ मागण्यात आली. माल अमेरिकेतून मागवावा लागतो, त्यामुळे मोठा इसार मागणे येथे अगदीच वावगे नाही. कार्ड चालणार नाही, कारण त्यावरचे शुल्क परवडत नाही, असे त्याने सांगितले आणि बँकेतील जे खाते दिले ते कंपनीच्या नावावर नसून एका व्यक्तीच्या नावावर होते. मे अखेरपर्यंत काम पूर्ण होणार होते. मे महिन्यात त्याऐवजी एका कंटेनरचे छायाचित्र आले आणि पाठोपाठ निरोप आला की माल बंदरात पोहोचला असून कस्टम ड्युटी भरल्याशिवाय तो सुटणार नाही. येथे बहुतेक आयात मालावर २२ टक्के ड्युटी लागते. मालाची किंमत ४,००० डॉलर दाखवून त्याने ८८० डॉलर त्याच दिवशी भरण्याचा आग्रह धरला, अन्यथा बंदराचे साठवणूक भाडे रोज वाढत जाईल, असे तो म्हणाला. टक्केवारी बरोबर, हिशेब बरोबर, बंदराचे भाडेही खरेच असते. खोटा होता तो फक्त माल. सगळ्या खऱ्या गोष्टींच्या मधोमध एकच खोटी गोष्ट ठेवण्याचे हे कसब, माझ्या मते, या प्रकरणातील सर्वांत धोकादायक भाग आहे.

जूनच्या अखेरीस ‘बेरिल’ तयार झाले. हंगामात इतक्या लवकर पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीला पोहोचलेले अटलांटिकमधील ते नोंदींतील पहिलेच वादळ होते. १ जुलैला त्याने ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटाची दाणादाण उडवली, ३ जुलैला ते जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला घासून गेले आणि त्यानंतर त्याचा रोख आमच्याकडे होता. बेटावर पाण्याच्या बाटल्या, बॅटऱ्या आणि प्लायवूड यांसाठी रांगा लागल्या होत्या. अशा वेळी हा गृहस्थ स्वतःहून दारात उभा राहिला आणि म्हणाला की शटर आता वेळेत बसणार नाहीत, पण तात्पुरते प्लायवूड लावून देतो. त्याचे ७०० डॉलर त्याने रोख घेतले. प्लायवूडच्या कोटेशनमध्ये पाच अष्टमांश इंचाची जाडी लिहिली होती; लावलेल्या फळ्या त्याच्या जेमतेम निम्म्या जाडीच्या होत्या आणि सिमेंटच्या भिंतीत त्या आखूड स्क्रूंवर टांगलेल्या होत्या. बेरिल बेटाच्या दक्षिणेकडून निघून गेले आणि मोठी हानी टळली, म्हणून त्या फळ्या टिकल्या.

वादळ सरल्यावर त्याचे पत्र आले. बेरिलमुळे मालवाहतूक विस्कळीत झाली असून करारातील दैवी आपत्तीच्या कलमानुसार मुदत बेमुदत पुढे ढकलली आहे, असे त्यात लिहिले होते. मेमध्येच बंदरात पोहोचलेला आणि ड्युटी भरलेला माल जुलैतील वादळाने कसा अडवला, या प्रश्नाला उत्तर आले नाही. त्यानंतर फोन बंद झाला. शेजारच्या एका फिलिपिनो परिचारिकेशी सहज बोलताना तिनेही तेच छायाचित्र दाखवले: तोच कंटेनर, त्यावरील चार अक्षरे आणि सात आकडेही तेच. त्या क्रमांकावरून कंटेनर कोणत्या जहाज कंपनीचा आहे आणि कुठे आहे याचा माग घेता येतो. आम्ही घेतला, तेव्हा तो त्या काळात केमनला आलेलाच नव्हता असे आढळले.

पुढे कळले की त्याचा व्यवसाय परवाना बागकामासाठी होता आणि त्याचीही मुदत उलटून गेली होती. वर्क परमिट संपताच तो बेट सोडून गेला होता. येथेच या फसवणुकीचे मर्म आहे. परदेशी नोकरदार दोन-तीन वर्षांच्या करारावर येतात. करार संपला की ग्राहक जातो, नाहीतर कंत्राटदार जातो आणि मागे लागायला कोणीच उरत नाही. फसवलेल्यांपैकी एक ब्रिटिश जोडपे तर तक्रार नोंदवण्याआधीच कायमचे परत गेले होते.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. एप्रिलमध्ये त्याने ‘शटर बसवून पूर्ण’ असे प्रमाणपत्र आगाऊ देऊ केले होते, म्हणजे विम्याच्या हप्त्यात लगेच सवलत मिळेल. पत्नीने त्याला ठाम नकार दिला. ते कागद विमा कंपनीकडे गेले असते आणि वादळात खरोखर खिडक्या फुटल्या असत्या, तर खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून संपूर्ण दावाच फेटाळला जाण्याची पाळी आली असती. हा प्रस्ताव ज्यांच्यापुढे येईल त्यांनी पुढचे बोलणे तेथेच थांबवावे.

व्यवसाय परवाना म्हणजे ट्रेड अँड बिझनेस लायसन्स. ते वाणिज्य व गुंतवणूक विभागाकडून मिळते आणि त्यावर व्यवसायाचा प्रकार लिहिलेला असतो; नुसते परवाना असणे पुरेसे नाही, तो कशाचा आहे हे वाचावे लागते. ड्युटी मागितली गेल्यास कस्टमची मूळ पावती पाहिल्याशिवाय एक डॉलरही देऊ नये. आमच्यापैकी एकाच कुटुंबाने आग्रह धरून इसार कार्डाने भरला होता. बँकेकडे हरकत नोंदवून त्यांना तेवढी रक्कम परत मिळाली. बाकीच्यांचे पैसे अडकले आहेत. पोलिसांनी प्रत्येकाचा जबाब वेगळा घेतला, त्यामुळे प्रत्येकाने आपले कोटेशन, बँकेचे उतारे आणि निरोपांच्या प्रती जपून ठेवणे आवश्यक आहे. दिवाणी दावा लावता येतो, मात्र बेटाबाहेर गेलेल्या माणसावर समन्स बजावायचे कसे, हा प्रश्न वकिलांनी पहिल्याच भेटीत समोर ठेवला.

या वर्षी हंगाम सुरू होण्यापूर्वी याच बेटावरील बॉडन टाउनला राहणाऱ्या एका परिचित बाईंना शटरचे कोटेशन आले. कंपनीचे नाव नवे होते, माप घेणारा माणूसही वेगळा होता, पण अटींचा मसुदा शब्दशः आमच्याच करारातला होता, साठ टक्क्यांसकट. त्यांनी परवान्याची आणि मान्यतापत्राच्या सर्व पानांची मागणी केली. त्यानंतर तो माणूस त्यांच्याकडे पुन्हा आलेला नाही, मात्र त्याच रस्त्यावरील इतर घरांची मापे घेताना तो दिसला आहे.