वाचलेलं आणि बघितलेलं: मर्डरबॉट, थ्री बॉडी प्रॉब्लेम, व्हील ऑफ टाइम आणि ड्यून

पुस्तक आधी वाचायचं की सिरीज आधी बघायची हा वाद आमच्या मित्रमंडळींत काही केल्या मिटत नाही. गेल्या काही वर्षांत सायफाय आणि फँटसीत जे मोठं मोठं आलंय त्यातलं बरंचसं पुस्तकांवरूनच आलंय, त्यामुळे प्रत्येक वेळी दोन पार्ट्या पडतात, एक वाचलेल्यांची आणि एक न वाचलेल्यांची, आणि वाचलेल्यांची तक्रार ठरलेली, "हे गाळलं, ते बदललं." मी वाचलेल्यांच्या पार्टीत आहे तरी ही तक्रार मला पटत नाही. गाळले सीन तर गाळूदेत. मी एवढंच बघते की पुस्तकात गोष्ट सांगतंय कोण, आपण कोणाच्या डोक्यात बसून ती अनुभवतोय, आणि पडद्यावर त्या जागी काय आणलंय. ते जमलं की निम्मं पुस्तक कापलेलं चालतं, आणि नाही जमलं तर सगळं जसंच्या तसं दाखवूनही काहीतरी सुटल्यासारखं वाटत राहतं. तर खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबानं, आणि हो, कथानकं उघड केलीयत, ज्यांना काहीच कळून घ्यायचं नाहीये त्यांनी इथेच थांबा.

मर्डरबॉटपासून सुरू करते. मार्था वेल्सची 'ऑल सिस्टम्स रेड' 2017 ची, छोटीशीच आहे, ह्यूगो आणि नेब्युला हे सायफाय-फँटसीचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेत तिला, आणि त्यावरची दहा भागांची सिरीज 2025 च्या मे महिन्यात अ‍ॅपल टीव्हीवर आली. सुरक्षेसाठी भाड्यानं दिलं जाणारं अर्धं यंत्र अर्धं माणूस, त्यानं स्वतःला ताब्यात ठेवणारं मॉड्यूल गुपचूप हॅक केलंय, आता ते वाट्टेल ते करू शकतं आणि त्याला करायचंय काय तर शांतपणे बसून सिरियली बघायच्यात. पुस्तक पूर्ण त्याच्याच तोंडून आहे, आणि माणसांनी आपल्याकडे बघितलेलं त्याला सहन होत नाही हे इतक्या जवळून कळतं की वाचताना आपणच संकोचून जातो. सिरीजनं सरळ मार्ग घेतला, व्हॉइसओव्हर, म्हणजे चेहऱ्यावर काहीच नाही आणि डोक्यात अखंड बडबड चालू, आणि अलेक्झांडर स्कार्सगार्डनं हे फार नेमकं केलंय, डोळे कुठे वळवायचे, समोरच्यापासून किती लांब उभं राहायचं हे सगळं त्यानं ठरवून केलेलं दिसतं. पुस्तकात ते ना बाई ना पुरुष, मग पुरुष नट का घेतला यावर आमच्यात बराच वेळ गेला, एक मैत्रीण अजूनही तयार नाहीये मान्य करायला, आणि तिचा मुद्दा चुकीचा नाहीये कारण वाचताना आपण त्याला कुठलाच चेहरा देत नाही आणि तीच तर त्या पुस्तकाची गंमत आहे.

मला मात्र जास्त खटकलं ते वेगळंच. ज्या शास्त्रज्ञांच्या टीमचं ते रक्षण करतंय ती माणसं पुस्तकात प्रेमळ आहेत पण कामात हुशारही आहेत, सिरीजमध्ये सुरुवातीचे काही भाग ती उगाच बावळट करून ठेवलीयत, आणि मग मर्डरबॉटला हळूहळू त्यांच्याबद्दल जो आदर वाटायला लागतो त्याचं वजन कमी होतं. शेवट मात्र त्यांनी वाढवलाय आणि चांगला वाढवलाय. पुस्तकात नसलेली स्मृती पुसण्याची घटना आणलीय, आणि त्याच्यावर ज्याचा सगळ्यात जास्त संशय होता तो टीममधला गुराथिनच त्याची स्मृती वाचवतो. हे पुस्तकात नाही पण पुस्तकाच्या स्वभावातलं आहे. भाग छोटे छोटे आहेत, दोन रात्रीत संपते, जरूर बघा, पण वाचायचीही ठेवू नका, छोटीच तर आहे.

थ्री बॉडी प्रॉब्लेमवर मात्र आमचं खरंखुरं भांडण झालं. लिऊ त्सिशिनची कादंबरी चिनीमध्ये पुस्तकरूपात 2008 ला आली, केन लिऊनं केलेला इंग्रजी अनुवाद 2014 चा, आणि 2015 चा ह्यूगो तिला मिळाला तेव्हा आशियातल्या लेखकाच्या कादंबरीला तो पहिल्यांदाच मिळाला होता. नेटफ्लिक्सची आठ भागांची सिरीज 2024 च्या मार्चमधली. गोष्ट थोडक्यात अशी की एक चिनी शास्त्रज्ञ बाई परग्रहवासीयांना उत्तर पाठवते आणि ते पृथ्वी घ्यायला निघतात. आता या पुस्तकाची अडचण अशी की त्यात आपण कोणाच्याच डोक्यात नीट बसत नाही. माणसं पुसट आहेत, पुढे पळतायत त्या कल्पना, आणि वाचकाला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे हळूहळू चढत जाणारी भीती. वांग मियाओ या शास्त्रज्ञाला आधी फक्त स्वतः काढलेल्या फोटोंवर आकडे दिसतात, उलटी मोजणी चालू असते, तो तोच कॅमेरा बायकोच्या हातात देतो तर तिनं काढलेल्या फोटोंवर काहीच नाही, पुन्हा स्वतः काढतो तर परत आकडे. ती पानं मी रात्री वाचली आणि मग झोप लागेना. सिरीजमध्ये ही मोजणी ऑगी या शास्त्रज्ञ मुलीच्या डोळ्यांसमोर थेट तरंगायला लागते आणि संपलं, दिसायला झकास पण ती पायरी पायरीनं येणारी शंका गेली. तसंच गोष्टीत एक व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी गेम आहे त्यातलं सैनिकांचं कॉम्प्युटर, पुस्तकात तीन कोटी सैनिक झेंडे वर खाली करून गणित सोडवतात आणि तीन सैनिकांत एक लॉजिक गेट, म्हणजे कॉम्प्युटरच्या गणिताचा सगळ्यात छोटा तुकडा, कसं होतं, दोघं इनपुट आणि तिसरा आउटपुट, हे बसवून समजावलंय, वाचताना अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटते. पडद्यावर भव्य दिसतं आणि पुढे निघून जातं, गणित कळतच नाही.

एका वांग मियाओच्या जागी सिरीजनं ऑक्सफर्डचे पाच मित्र आणलेत आणि तिन्ही कादंबऱ्यांतली माणसं एकत्र ओढलीत, सॉल म्हणजे दुसऱ्या पुस्तकातला लुओ जी, विल म्हणजे तिसऱ्यातला युन तिआनमिंग, ते सगळे आधीपासून एकमेकांना ओळखतात. ग्रुपमधल्या न वाचलेल्यांना हे खूप आवडलं, "अगं निदान कोणाची तरी काळजी वाटते" असं एक जण म्हणाला आणि विलच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे, त्याचा मेंदू अवकाशात परग्रहवासीयांकडे पाठवायचं ठरतं तो सगळा प्रवास पुस्तकापेक्षा सिरीजमध्ये जास्त लागतो. पण सगळ्या मानवजातीचं संकट पाच दोस्तांच्याच घरात येऊन पडतं तेव्हा जग एकदम लहान होतं, आणि या कादंबऱ्यांमध्ये माणूस किती क्षुल्लक आहे हीच तर धास्ती आहे.

तरी दोन ठिकाणी सिरीज पुस्तकाच्या पुढे गेलीय. पनामा कालव्यात नॅनोफायबरनं, म्हणजे अतिशय बारीक आणि धारदार तारांनी, परग्रहवासीयांच्या बाजूच्या लोकांचं जहाज चिरतात तो प्रसंग पुस्तकात एखाद्या इंजिनियरिंगच्या यशासारखा येतो, योजना, तारा, उंची, झालं काम. सिरीजमध्ये जहाजावर मुलं आहेत, आणि जिनं ते फायबर बनवलं ती ऑगी नंतर त्या अवशेषांतून चालते, आणि तिथून पुढे तिचं आयुष्य सरळ होतच नाही. माझ्या मते हा प्रश्न पुस्तकानं विचारायला हवा होता. दुसरं म्हणजे तरुण ये वेनजिए, तीच ती शास्त्रज्ञ बाई. सांस्कृतिक क्रांतीत त्सिंगहुआ विद्यापीठात वडिलांना जमावासमोर मार खाऊन मरताना बघणारी मुलगी, मूळ चिनी आवृत्तीत हा प्रसंग मधे कुठेतरी ठेवलेला आणि इंग्रजीत तो सुरुवातीला आला, सिरीजनंही तिथूनच सुरुवात केलीय. पुढे परग्रहावरून उत्तर देऊ नका असा इशारा मिळूनही ती उत्तर पाठवते, तेव्हा झाइन त्सेंगच्या चेहऱ्यावर फारसं काही घडत नाही, आणि तरी त्यामागची सगळी वर्षं दिसतात. जिथे जिथे सिरीज तिच्या डोळ्यांनी बघते तिथे ती थरारक आहे, पाच मित्रांकडे वळली की साधी होते. बघा, पण वाचायचा विचार असेल तर आधी वाचा, उलटं केलंत तर पुस्तकातलं रहस्य वाया जाईल.

व्हील ऑफ टाइमबद्दल थोडक्यात सांगते कारण अख्खी सिरीज बघा असं मी कोणाला सांगणार नाही. चौदा कादंबऱ्या, शेवटच्या तीन रॉबर्ट जॉर्डननंतर ब्रँडन सँडरसननं पूर्ण केलेल्या, आणि सिरीजला सीझनमागे आठ भाग, पहिला सीझन नुसता धावतो. तीन सीझन झाले आणि 2025 मध्ये ती बंद केली. पण तिसऱ्या सीझनचा चौथा भाग, रुइडियन या वाळवंटातल्या प्राचीन शहराचा, तो एकटा भाग मी बघायला सांगेन. गोष्टीचा नायक रँड काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि प्रत्येक पावलागणिक आपल्या पूर्वजांच्या आयुष्यात मागे मागे जातो, आणि जे लोक आज भाला हातातून सोडत नाहीत त्यांचे पूर्वज शस्त्राला शिवायचंही नाही असं व्रत घेतलेले होते हे त्याला उलट्या क्रमानं कळत जातं. पुस्तकात आपण प्रत्येक पूर्वजाच्या आत शिरतो. सिरीजमध्ये जोशा स्ट्राडोव्स्की स्वतःच ते पूर्वज झालाय, तेच डोळे, वेगवेगळं वय, वेगवेगळा काळ. "कोणाच्या डोक्यातून" या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मी तरी फँटसी सिरीजमध्ये बघितलेलं नाही, आणि हे सापडल्यावर ती थांबली याचं मला खरंच वाईट वाटतं.

मधेच एक पुस्तक सुचवते, रॉबर्ट जॅक्सन बेनेटचं 'द टेंटेड कप', 2024 चं, 2025 चा ह्यूगो यालाच मिळाला. दरवर्षी पावसाळ्यात समुद्रातून महाकाय प्राणी येतात, साम्राज्य भिंती बांधून त्यांना थोपवतं, आणि एका बड्या घरात एका अधिकाऱ्याच्या अंगातून झाड फुटून तो मरतो. तपास करणारी अ‍ॅना बहुतेक वेळ डोळ्यांना पट्टी बांधून बसते आणि तिचा सहाय्यक दिन, ज्याला पाहिलेलं काहीच विसरता येत नाही असं शरीर करून दिलेलं आहे, तो सगळं बघून येतो आणि तिला सांगतो. आपण वाचतोय ते त्या दिनच्या आठवणीतून. म्हणजे इथे सांगणाऱ्याची नजर हीच गोष्टीची यंत्रणा आहे, आणि रहस्यकथा म्हणूनही एकदम चोख, धागे सगळे आधी समोर ठेवलेले असतात. पुढचा भागही आलाय. ज्यांना फँटसीतली लांबलचक युद्धं आणि वंशावळी झेपत नाहीत त्यांच्या हातात मी हेच देते.

आता ड्यून. दनी व्हिलनव्हचा पार्ट टू, 2024 चा, आणि आमच्यात सगळ्यात जास्त वेळा पुन्हा पुन्हा निघणारा विषय. राजघराण्यातला पॉल वाळवंटी ग्रहावरच्या फ्रेमेन लोकांत आसरा घेतो आणि त्यांचा प्रेषित होतो, चानी त्याची फ्रेमेन प्रेयसी आणि हार्कोनेन त्याच्या घराण्याचे शत्रू. फ्रँक हर्बर्टच्या 1965 च्या कादंबरीत एकाच सीनमध्ये सगळ्यांच्या डोक्यात शिरायची पद्धत आहे, जेवणाच्या टेबलावर बसलेला प्रत्येक जण काय बोलतोय आणि मनात काय चाललंय हे एकत्र येतं. डेव्हिड लिंचनं 1984 मध्ये यासाठी कुजबुजते आवाज वापरले आणि ते ऐकताना सिनेमा सारखा अडखळतो. व्हिलनव्हनं ते मनातलं बोलणं काढूनच टाकलं, जेवणाचा प्रसंगही काढला, आणि सगळं वाळूवर, आवाजावर, चेहऱ्यांवर सोपवलं. हार्कोनेनांच्या ग्रहावरचा तो आखाडा इन्फ्रारेडमध्ये शूट केलेला, रंग पिळून काढल्यासारखी पांढरी कातडी, तिथे कोणी काही समजावून सांगायची गरजच राहत नाही.

पण खरा बदल चानीचा. पुस्तकात चानी पॉलवर निष्ठा असलेली आहे, शेवटी तो राजकारणासाठी सम्राटाच्या मुलीशी, इरुलानशी, लग्न ठरवतो तेव्हा चानी त्याच्याच बाजूला आहे आणि पॉलची आई जेसिका तिची समजूत घालते. सिनेमात चानीला हा प्रेषितबिशित प्रकार पहिल्यापासून मान्य नाही, फ्रेमेन लोकांत उत्तरेचे शंका घेणारे आणि दक्षिणेचे कट्टर अशी फूट दाखवलीय जी पुस्तकात अशी नाही, आणि शेवटी ती निघून जाते. वाचलेल्यांच्या पार्टीतले दोघं यावर अजून चिडलेले आहेत. मला वाटतं हा अख्ख्या सिनेमातला सगळ्यात विचारपूर्वक बदल आहे. हर्बर्टला नायकापासून सावध करायचं होतं, पण पुस्तक वाचताना आपण पॉलच्या इतके आत असतो की त्याची भीती, त्याची दृश्यं, त्याची नाइलाजाची भावना सगळी आपली होते आणि कित्येक वाचकांना तो सरळ हिरोच वाटला. 1969 च्या 'ड्यून मसीहा'त मग हर्बर्टला ते उघडच दाखवावं लागलं. व्हिलनव्हनं पॉलच्या डोक्यातून आपल्याला उचलून चानीच्या डोळ्यांमागे बसवलं. फ्रेमेनांचा म्होरक्या स्टिलगर, त्याची श्रद्धा सुरुवातीला हसवते, हाविएर बार्देमनं ती तशीच केलीय, आणि दक्षिणेत पॉल उभा राहून बोलायला लागतो तेव्हा तीच श्रद्धा बघून घशाला कोरड पडते, कारण तोपर्यंत आपण चानीबरोबर बघायला लागलेलो असतो.

हरवलंय काही, ते मीही मानते. पुस्तकात मधे दोन वर्षं जातात, पॉलची बहीण आलिया जन्मते, ती चिमुरडी हार्कोनेनांच्या प्रमुखाला, बॅरनला, मारते, पॉल आणि चानीचं पहिलं मूल मारलं जातं. सिनेमात सगळं जेसिकाच्या एका बाळंतपणाच्या आत बसवलंय, आलिया पोटातूनच आईशी बोलते आणि बॅरनला पॉल मारतो. त्यामुळे पॉल फ्रेमेन होतो ते जरा घाईत होतं, आणि चानीचं दुःखही एका बाजूनं कमी होतं कारण तिनं मूल गमावलेलंच नाही. पॉलच्या घराण्याचा जुना सल्लागार थुफिर हवात तर पूर्णच गायब. पण शेवटी मोठी घराणी पॉलला नाकारतात आणि तो आपल्या लोकांना युद्धावर सोडतो, तिथे आलं की ही घाईही योग्य वाटायला लागते, सगळं इतक्या लवकर हातातून गेलं म्हणून.

आता पुढचा भाग मसीहावरचा, आणि आमच्यात पैजा लागल्यात. त्या कादंबरीत चानी पॉलबरोबर आहे, त्यांना मूल हवंय, इरुलान ते होऊ नये म्हणून चोरून औषध देतेय, चानीशिवाय ती गोष्ट उभीच राहत नाही, आणि सिनेमात तर ती वाळूकिड्यावर बसून निघून गेलीय. पार्ट टूमध्ये पॉल म्हणतो की तिला पुढे समजेल, त्याला दिसलंय. एक मित्र म्हणतो झालं, हेच कारण पुरेसं आहे, भविष्य दिसणाऱ्यानं सांगितलं म्हणजे ती येणार. मला ते अजिबात चालणार नाही. ती येवो, जरूर येवो, पण ती का आली हे तिच्या बाजूनं दाखवायला लागेल, पॉलला दिसलं होतं म्हणून नाही.