कोर्ग व्होल्का बीट्स: उघड्या खेळण्यांच्या टेबलावर कसं चालतं?

कोर्ग कंपनीचं व्होल्का बीट्स हे छोटं ड्रम मशीन २०१३ साली आलं आणि आजही जुन्या बाजारात हातोहात फिरतं. नुसतं ड्रम मशीन म्हणून त्याच्यापेक्षा सरस यंत्रं आहेत. पण सर्किट बेंडिंग (खेळण्यांची सर्किटं उघडून त्यातून वेगळे आवाज काढणं) करणाऱ्याच्या टेबलावर तालाचा मुकादम म्हणून ठेवायचं असेल, तर या आकारात याच्याइतकं कामाचं यंत्र सापडणं कठीण. हे परीक्षण त्याच अंगानं आहे.

आधी आवाज. किक, स्नेअर, दोन टॉम आणि दोन हाय-हॅट अ‍ॅनालॉग आहेत. क्लॅप, क्लेव्ह्ज, अगोगो आणि क्रॅश हे रेकॉर्ड केलेले नमुने. किक उत्तम आहे. पिच खाली आणि डीके (आवाज विरायला लागणारा वेळ) लांब ठेवला की घुमक्यासारखा खोल दणका मिळतो. क्लिक वाढवला की त्यालाच वरून टोक येतं. हलगीचा भास हवा असेल तर हाय टॉमचा पिच शेवटपर्यंत, डीके जवळजवळ शून्य, आणि त्याच स्टेपवर (तालाच्या त्याच घरावर) क्लेव्ह्जचा वेग वाढवून हलका थर द्या. विस्तवावर तापवून ताणलेल्या कातड्याचा कडकपणा यात येत नाही, हे खरं. पण काडीचा चटका बऱ्यापैकी येतो.

स्नेअर मात्र कमजोर. पातळ, पत्र्यावर वाळू सांडल्यासारखा. स्नॅपीचा नॉब पूर्ण उघडा आणि त्याच स्टेपवर क्लॅप बसवा, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. आत कपॅसिटर टाकून तो भारदस्त करण्याची दुरुस्ती प्रचलित आहे, पण भाग अगदी बारीक आहेत आणि वॉरंटी संपते. पहिल्यांदाच सोल्डरिंग गन हातात घेतलेल्यानं त्या वाटेला जाऊ नये.

सिक्वेन्सर (ठोके क्रमानं वाजवणारा भाग) १६ स्टेप्सचा, ताल साठवायला ८ जागा. १६ स्टेप्स म्हणजे ८ मात्रांचा भजनी ठेका अर्ध्या-अर्ध्या मात्रेनं नेमका बसतो. खरी गंमत अ‍ॅक्टिव्ह स्टेपची. शेवटच्या दोन स्टेप्सचे दिवे विझवले की १४ उरतात, म्हणजे रूपकच्या ७ मात्रा. चार विझवले की दादरा. हे ताल चालू असताना करता येतं आणि सम सरकताना ऐकायला फार मजा येते. किक आणि स्नेअरचे नॉब मात्र मिडीनं (दुसऱ्या यंत्राकडून येणाऱ्या संकेतांनी) हलत नाहीत, ते हातानंच फिरवायचे. तसंच आवाज बाहेर काढायला हेडफोनची एकच पिन आहे. किक वेगळी काढून मिक्सरवर घ्यायची सोय नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

वीज ६ पेन्सिल सेलवर किंवा ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर. इथे सांभाळा: याची पिन बारीक आहे आणि आतला भाग धन आहे. गिटार पेडलचे अ‍ॅडॅप्टर बहुधा उलटे, आत ऋण असतात. जुगाड करून पिन बसवण्याआधी मल्टिमीटर लावा.

आता मुख्य गोष्ट, सिंक आउट, म्हणजे ताल दुसऱ्या यंत्राला पाठवायचं भोक. या भोकातून ५ व्होल्टचा, १५ मिलिसेकंदांचा ठोका निघतो, दोन स्टेप्समागे एक. याच ठोक्यानं जत्रेतलं बोलतं खेळणं, मोडका खेळण्यातला कीबोर्ड, काहीही तालात बांधता येतं. खेळण्याचं बटण दाबणं म्हणजे दोन बिंदू जोडणं. ते काम पीसी८१७ या चार पायांच्या ऑप्टोकपलरला (आतल्या एलईडीच्या उजेडानं चालू होणाऱ्या स्विचला) द्या. सिंकच्या टोकाकडून १ किलोओहमचा रेझिस्टर त्याच्या आतल्या एलईडीला, आणि दुसरी बाजू बटणाच्या दोन टोकांना. कलेक्टर जास्त व्होल्टेजच्या टोकाला हवा, उलटा लावला तर खेळणं ढिम्म राहतं. आधी मीटरनं कुठलं टोक वर आहे ते पाहा.

एवढं करूनही पुष्कळदा खेळणं मध्येच एखादा ठोका चुकवतं, किंवा ऐकतच नाही. कारण सोपं आहे. आतली चिप बटणं ठरावीक वेळानंच तपासते आणि १५ मिलिसेकंद तिला पुरत नाहीत. उपाय म्हणून मध्ये ७५५५ टायमर, म्हणजे ठोका लांबवणारी चिप, घाला. पहिल्या पीसी८१७ च्या कलेक्टरला १० किलोओहममधून धन टोकाकडे ओढ द्या आणि तिथून टायमरच्या २ नंबर पायाला जोडा, म्हणजे ठोका आला की तो पाय खाली जातो. ६ आणि ७ पाय एकत्र, त्यांना धनकडून १०० किलोओहम आणि ऋणकडे १ मायक्रोफॅरड. ४ आणि ८ धनला, १ ऋणला. ३ नंबर पायातून आता सुमारे ११० मिलिसेकंदांचा ठोका मिळतो. तो १ किलोओहममधून दुसऱ्या पीसी८१७ ला, आणि त्यातून बटणाला. तीन सेलवर चालवणार असाल तर साधा ५५५ घेऊ नका, सेल उतरले की तो ४.५ व्होल्टच्या खाली अडखळतो.

हा कपॅसिटर चुकून १० मायक्रोफॅरडचा लागला की खेळणं दर पाचव्या ठोक्यालाच वाजतं. १२० च्या टेम्पोला दोन ठोक्यांमध्ये २५० मिलिसेकंद असतात आणि टायमर १.१ सेकंद अडकून पडतो, त्यामुळे मधले चार ठोके वाया जातात. ही चूक मुद्दाम करून बघा. ३.३ मायक्रोफॅरडला एकाआड एक ठोका लागतो. ८ मात्रांच्या ठेक्यावर दर पाचव्याला किंचाळणारं खेळणं चालवलं की अशी आडी (मूळ तालाला छेद देणारी लय) बसते, जी हातानं वाजवायला तालमीतल्या मुलाला महिनाभर रियाज लागेल.

खेळण्याचा सूर वाकवायला फारसं काही लागत नाही. काळ्या ठिपक्याच्या चिपजवळच्या रेझिस्टरांवर एकेक करून ओलसर बोट टेकवा. ज्याच्यावर सूर वर चढेल तो ऑसिलेटरचा. तो काढून त्याच्या जागी १ मेगाओहमचा पोटेन्शियोमीटर आणि त्याच्याशी सरीत ४७ किलोओहम लावा. सरीतला रेझिस्टर विसरलात तर नॉब शेवटाला गेला की चिप बंद पडते. मग सेल काढून थोडं थांबायचं. बोटांच्या स्पर्शावर चालणारे बिंदू बसवले असतील तर जुलै-ऑगस्टच्या कोल्हापूरच्या पावसात त्यांचे सूर फार वर चढतात, कारण दमट हात कमी रोध देतो. उन्हाळ्यात जुळवलेला सूर तेव्हा धरून बसू नका.

खेळण्याचा आवाज मिक्सरवर घेताना स्पीकरच्या दोन्ही वायरी थेट जोडू नका. बऱ्याच स्वस्त चिपांत स्पीकरची एकही बाजू जमिनीला (ग्राउंडला) नसते आणि मिक्सरच्या केबलनं ती शॉर्ट होते. एकच वायर १० मायक्रोफॅरड आणि १० किलोओहममधून घ्या, जमीन म्हणून सेलचं ऋण टोक. आणि भिंतीच्या विजेवर चालणारी वस्तू उघडायचीच नाही, फक्त सेलवरची.

डबा बनवायचा असेल तर प्लॅस्टिक घासत बसण्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर भोकं आखून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात न्या. पोटेन्शियोमीटरला बहुधा ७ मिलिमीटर, छोट्या टॉगल स्विचला ६. आपला भाग हाताशी घेऊनच जा, म्हणजे ड्रिल करणारा माप मोजून घेईल.

व्होल्काचं अंग मात्र उघडू नये. त्याच्या डिजिटल भागात तारा भिडवल्या तर ते मरतं, आणि खेळण्यासारखं दुसरं पटकन आणता येत नाही. ते बंदच ठेवा, तोडफोड बाहेरच्या खेळण्यावर. जुनं घेताना सोळाही स्टेपचे स्पर्श बोट सरकवून तपासा, स्टटरचे (आवाज अडखळत पुन्हा-पुन्हा वाजवणाऱ्या सोयीचे) दोन्ही नॉब फिरवताना खरखर येते का ऐका, आणि सिंक आउटला मीटरऐवजी एलईडी आणि १ किलोओहम लावून पाहा. ठोक्याबरोबर दिवा लुकलुकला तर घ्या. नाही लुकलुकला तर कितीही स्वस्त असलं तरी या कामासाठी ते निकामी.